दिवसपाळीचे जंत

नवा माणूस भेटला की आपण त्याचे आडनाव विचारतो, आडनावावरून गाव काढतो आणि गावावरून एखादा सामाईक नातेवाईक शोधून काढतो. डॉक्टर सेतुराम राव गावावरून जंत काढतात.

माझी त्यांची ओळख अशीच झाली. मी बदली होऊन चेन्नईला आलो, त्या पहिल्याच सकाळी एक उंच, किडकिडीत, पांढऱ्या अर्ध्या बाह्यांचा सदरा घातलेला माणूस माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहिला आणि त्याने मराठीत विचारले, "कोठले?"

"सांगली जिल्हा. आटपाडीकडचा."

"नारू!" त्यांचा चेहरा उजळला. "पायऱ्यांच्या विहिरी, होय ना? गेला तो आतां. देशांतूनच गेला. फार लांब होता हो, पण गेला."

हे त्यांनी अशा स्वरात सांगितले की, जणू माझ्या घरचे कोणीतरी वडीलधारे दीर्घ आजारानंतर सुटले असावे. मी संकोचून म्हणालो की, माझ्या आजोबांच्या पोटरीतून एक नारू निघाला होता असे घरी सांगत. त्यावर सेतुरावांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"मग तुम्ही आमच्यांतलेच," ते म्हणाले.

आमच्या कार्यालयाचे काम थोडक्यात सांगायला हवे. सरकार माणसांची गणती करते. आम्ही त्या माणसांच्या आत राहणाऱ्या भाडेकरूंची करतो. कोणत्या जिल्ह्यात मुलांच्या पोटात जंत किती, कोणत्या तालुक्यात हत्तीरोग उरला आहे, कोठून गेला, कोठे परत येऊ पाहतो आहे, यावर देशभर पाळत ठेवायची. नमुने गोळा होतात, काचपट्ट्या तपासल्या जातात आणि आकडे माझ्याकडे येतात. मी आकड्यांचा माणूस आहे. जंत मला कोष्टकातच आवडतात. सेतुरावांना ते प्रत्यक्ष आवडतात. आवडतात हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. जन्मभर ज्यांना संपवण्यासाठी झटले, त्यांचा उल्लेख ते आजही "हे लोक" असाच करतात. "हे लोक फार शिस्तीचे. तुमच्या खात्यासारखे नाहींत."

त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी तंजावूरला आले. त्यांच्या मराठीवर तमिळ चाल चढली आहे, आणि आमच्याकडच्या जुन्या पोथ्यांतली क्रियापदे ते भाजी आणायला जातानाही वापरतात. मी मात्र पुण्यात शिकलो असल्यामुळे माझी मराठी शुद्ध आहे असा माझा समज होता. सेतुरावांनी तो आठवडाभरात काढून टाकला. "तुम्ही 'टाईम' म्हणालांत. वेळ संपली काय तिकडे?"

योगायोगाने आम्ही वेस्ट मांबलममध्ये एकाच इमारतीत राहतो. ते खाली, मी वर. त्यामुळे कार्यालयात दिसणारे सेतुराव मला घरीही दिसतात. फरक एवढाच की, घरी ते सदऱ्याखाली वेष्टी नेसतात.

लग्नसमारंभात त्यांना बोलावणे ही आमच्या वस्तीतल्या मराठी कुटुंबांपुढची एक कायमची अडचण आहे. न बोलावून चालत नाही, कारण सगळ्यांचा ताप-खोकला त्यांनीच बघितलेला असतो. बोलावले की ते व्याह्यांशी ओळख करून घेतात. एकदा मुलाकडच्या मंडळींनी कौतुकाने मूळ गाव कुंभकोणम सांगितले आणि सेतुराव तितक्याच कौतुकाने म्हणाले, "हत्तीपाय!" त्यानंतर त्यांना पहिल्याच पंगतीला बसवण्यात आले आणि त्यांच्या व व्याह्यांच्या मधोमध दोन मावश्या पहाऱ्याला ठेवण्यात आल्या. न्यू जर्सीहून आलेल्या एका भाच्याशी मात्र त्यांचे संभाषण पुढे सरकेना. "तिकडे कांहीच नाहीं म्हणतो," ते मला हळूच म्हणाले. "एकटें वाटत असेल हो."

पंगतीत ते पालेभाजी वाढणाऱ्याला थांबवतात. "कीरै धुतली काय असें मी विचारत नाहीं. धुतलीच असेल. कोणत्या पाण्यानें, तें विचारतों." देवळाच्या प्रदक्षिणेत फरशी सोडून मातीवर पाय टाकत नाहीत. "देव माझ्या मनांतलें पाहतो. अंकुशकृमी फक्त तळवा पाहतो." शेजारच्या मुलांना ते चॉकलेट देतात, पण आधी नखे बघतात, आणि नखे बघून झाली की बहुतेक वेळा चॉकलेट परत खिशात जाते. मुले तरीही येतात. नखे न कापता येतात आणि नेलकटर त्यांच्याकडेच मागतात.

पण सेतुराव खरे कळायचे असतील तर त्यांना वांगी घेताना पाहावे.

आमच्या कोपऱ्यावर एक भाजीवाली बसते. सारे जग वांगी उलटून, दाबून, देठ तपासून घेते. सेतुराव ढिगाकडे पाठ करतात, हात मागे नेतात आणि हाताला येईल ते वांगे उचलतात.

"सार, पात्तु एडुंग सार!" ती बाई कळवळून ओरडते. अहो, बघून तरी घ्या.

"बघून निवडलें तर तें माझें मत झालें, अम्मा. मला बाजाराचा अंदाज होणा." होणा म्हणजे हवा.

घरी येऊन ते वांगी चिरतात. निम्मी किडलेली निघतात. दुसरा कोणी चिडला असता. सेतुराव समाधानाने म्हणतात, "बाजार असा आहे." माझ्या पत्नीने एकदा न राहवून त्यांना निवडून घेतलेली वांगी दिली. त्यांनी ती खाल्ली, छान झाली असेही कळवले, आणि वर म्हणाले, "पण शैलाताई, यावरून कांहीच सिद्ध होत नाहीं."

ते अविवाहित आहेत. त्याबद्दल वस्तीत विनोद आहेत, ते कोणीही करू शकेल असे आहेत, म्हणून मी ते येथे देत नाही. त्यांतल्या काहींना मी हसलेलो आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

हत्तीरोग या भागातून गेला, असे जाहीर करण्याची वेळ आली होती. असे जाहीर करणे सोपे नसते. वर्षानुवर्षे गोळ्या वाटल्या जातात, मग गोळ्या थांबवून नुसती पाळत ठेवली जाते आणि तरीही कोणी सापडले नाही तरच फाईल बंद होते. ही फाईल बंद झालेली पाहणे ही सेतुरावांची नोकरीतली एकमेव इच्छा होती. निवृत्तीनंतर त्यांना जी मुदतवाढ मिळाली होती तीही संपत आली होती. "या लोकांना स्टेशनावर पोहोचवून मगच मी घरीं जाणार," असे ते म्हणत. आमच्या संचालकबाईंनी निरोपाचा समारंभ आणि फाईल बंद होण्याचा समारंभ एकाच दिवशी ठरवला होता. शालही आणून ठेवली होती.

फक्त एक तुकडा उरला होता: श्रीपेरुंबुदूरकडचे कारखाने. तेथे बाहेरच्या राज्यांतून आलेले हजारो कामगार राहतात. त्यांतले कित्येक अशा जिल्ह्यांतून येतात जेथे हत्तीरोग अजून आहे. या जंतांची पिल्ले रात्री रक्तात वर येतात, म्हणून रक्त रात्री घ्यावे, असे आमच्या प्रत्येक पुस्तकात लिहिले आहे. पथक रात्री गेले. वसतिगृहात झोपलेल्या दिवसपाळीवाल्यांचे रक्त घेतले, कारखान्यात जाऊन रात्रपाळीवाल्यांचेही घेतले. सगळे निर्मळ. मी कोष्टक तयार केले. एकाखाली एक शून्ये, सुबक, जणू मोत्यांचा सर. मला त्या कोष्टकाचा लोभ सुटला होता हे मान्य केले पाहिजे.

बैठकीत सेतुरावांनी ते कोष्टक बराच वेळ पाहिले. मग रात्रपाळीच्या रकान्यावर बोट ठेवले.

"हे तेव्हां जागे होते?"

"कामावर होते, सर."

"रोज रात्रीं जागतात? महिनोन्महिने?"

"रात्रपाळी आहे म्हटल्यावर..."

"मग जंत झोपले असणार."

बैठकीत हशा झाला. सेतुराव हसले नाहीत. "अहो, हे लोक घड्याळ पाहत नाहींत. माणूस झोपला कीं वर येतात. हा माणूस दिवसा झोपतो, तर हेही दिवसाच वर येणार. कंपनीनें पाळी बदलली कीं यांचीही बदलली. ओव्हरटाईम मिळत नाहीं एवढेंच." ते माझ्याकडे वळले. "तुमचीं शून्यें फार देखणीं आहेत. पण आपण पोस्टमन झोपला असतां टपाल मोजलें."

संचालकबाई हळुवारपणे म्हणाल्या, "सर, सापडला तर फाईल बंद होणार नाही. समारंभ..."

"शाल कांहीं नासत नाहीं," सेतुराव म्हणाले.

आम्ही भर दुपारी त्याच पट्ट्यातल्या इरुंगाट्टुकोट्टैला गेलो. मला मुद्दाम नेले होते, कारण सेतुरावांची हिंदी. ती त्यांनी स्वतः बांधलेली आहे आणि तिच्यात फक्त तेच राहू शकतात. वसतिगृहाच्या दाराशी अर्धवट जाग्या झालेल्या कामगारांना त्यांनी समजावून सांगितले, "तुम सोता, कीडा उठता. तुम उठता, कीडा सोता. अभी तुम सोओ, हम कीडा को मिलेगा." दोघेजण चपला घालून निघून गेले. मग मी बोललो.

खिडक्यांना वर्तमानपत्रे चिकटवून आत अंधार केलेला होता. पंख्याखाली माणसे ओळीने झोपली होती. सेतुराव चवड्यांवर चालत होते. मी कुजबुजत विचारले, माणूस जागा झाला तर पिल्ले लगेच खाली जातात काय? "लगेच जात नाहींत," ते तितक्याच हळू म्हणाले. "पण दिवसभर राबून झोपलेल्याच्या... नव्हे, रात्रभर राबून झोपलेल्याच्या घरीं आलों आहोंत. थोडी रीत पाळावी." एकेकाच्या बोटाला सुई टोचायची, थेंब काचेवर घ्यायचा, आणि पुढे. एकजण झोपेतच म्हणाला, "अम्मा, अभी नहीं." सेतुराव थांबले, त्याची चादर नीट केली आणि त्याला वगळून पुढच्याकडे गेले. परतताना पुन्हा त्याच्यापाशी आले आणि तेव्हा सुई टोचली. वगळणे त्यांना शक्यच नव्हते.

काचपट्ट्या त्यांनी स्वतः पाहिल्या. एकीमागून एक बाजूला ठेवत गेले. मला पुन्हा शून्यांची आशा वाटू लागली. मग एका पट्टीवर ते थबकले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेला तसाच ठेवून त्यांनी खुणेने मला बोलावले. मी पाहिले. फिकट पार्श्वभूमीवर एक जांभळी वेलांटी होती, कोणीतरी सुवाच्य अक्षरात काढल्यासारखी.

"एकच," मी म्हणालो.

"एकच सापडला," ते म्हणाले.

फाईल परत आली. त्या भागात पाळत आणखी वाढवायचे ठरले. समारंभ रद्द झाल्याचे संचालकबाईंनी सर्वांना कळवले. सेतुरावांवर कोणी उघड रागावले नाही, पण जिन्यात लोक त्यांना वाट जरा जास्तच मोकळी करून देऊ लागले. त्यांच्या ते लक्षातही आले नाही. त्यांचे लक्ष एकाच गोष्टीवर होते: ज्याच्या बोटातून ती वेलांटी आली, तो हातचा जाता कामा नये. गोळ्या घेतल्या तर त्याचा पाय वाचेल. न घेता निघून गेला तर जंत त्याच्याबरोबर देशभर फिरतील आणि काही वर्षांनी तो अंथरूण धरेल. नाव कंपनीला कळवायचे नाही, हे त्यांनी पहिल्याच मिनिटाला बजावले. "सूपरवायझरला कळलें कीं नोकरी गेली. नोकरी गेली कीं माणूस गेला. आपणच जाऊं."

त्याचे नाव लखन. बिहारकडचा, पंचविशीच्या आसपासचा. आम्ही पोहोचलो तेव्हा तो पिशवी भरत होता. आदल्या दिवशी त्याला एकट्यालाच थांबून राहण्याचा निरोप गेला होता, आणि त्यावरून त्याने जे ओळखायचे ते ओळखले होते. संध्याकाळची गाडी होती. महिनाभराने त्याचे लग्न होते.

सेतुराव त्याला गच्चीवर घेऊन गेले. दोऱ्यांवर निळे गणवेश वाळत होते. तिघे टाकीच्या सावलीत बसलो. लखन माझ्याकडे बघूनच बोलत होता. "साहब, गाँव में पता चला तो शादी गई. लड़की का बाप मास्टर है, सब समझता है. मैं जाता हूँ. उधर ही दवा ले लूँगा."

मी ते मराठीत सांगितले. सेतुराव म्हणाले, "घेणार नाहीं. विचारा त्याला, घेणार आहेस काय?"

मी विचारले. लखनने चपलेचा पट्टा सारखा केला.

सेतुरावांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "आतां मी सांगतों तें वाक्यामागून वाक्य सांगा. मध्यें थांबूं नका. 'माझ्याही रक्तांत होते.'"

मला वाटले, हा त्यांचा एखादा उपाय असावा, रोग्याला धीर देण्याचा. मी सांगितले, "मेरे भी खून में थे."

लखन दचकून मला न्याहाळू लागला. "आपके?"

"मेरे नहीं, इनके."

"'मी विद्यार्थी होतों,'" सेतुराव पुढे म्हणाले. "'काचपट्टी कशी करायची तें शिकायला आम्ही स्वतःचेंच रक्त घेत असूं. माझ्या पट्टीवर सांपडले. सर खूष झाले. वर्गाला दाखवायला तीच पट्टी वापरली.'"

मी सांगत गेलो.

"'माझें लग्न ठरलें होतें. मी जाऊन मुलीच्या वडिलांना सांगितलें. लपवणें बरें नव्हे म्हणून. त्यांनीं कॉफी दिली आणि नाहीं म्हणाले.'"

"मेरी शादी तय थी," मी म्हणालो, आणि सांगता सांगता मीच वळून सेतुरावांकडे बघितले. दुभाष्याने असे होऊ देऊ नये. लखन आता माझ्याकडे नव्हे, त्यांच्याकडे बघत होता.

"'मग मी गोळ्या घेतल्या. पुन्हा रक्त तपासलें. एकही नव्हता. सगळे गेले.'" त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "'पण ते गेले, हें सांगायला मी त्या घरीं परत गेलों नाहीं. वाटलें, त्यांनीं विचारावें. त्यांनीं विचारलें नाहीं.'"

मी हेही सांगितले. गच्चीवर गणवेशांची फडफड चालू होती.

"'तूं मूर्ख होऊं नकोस,'" सेतुराव म्हणाले. "'गोळ्या घे. तपासून घे. आणि मग मास्तरांना जाऊन सांग कीं होते, आणि गेले. दोन्ही सांग. पाहिजे तर मी फोनवर बोलतों.'"

मी शेवटचे वाक्य सांगताच लखनच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काही हलले. "डॉक्टर साहब बात करेंगे? हिंदी में?" तो मला म्हणाला. "तब तो शादी पक्का टूट जाएगी."

मी ते भाषांतरित करावे की नाही या विचारात असताना सेतुरावच हसले. तेवढी हिंदी त्यांना समजत होती. त्यांनी गोळ्यांचे पाकीट फोडले. लखनने तळहात पुढे केला. पहिली गोळी जिभेवर ठेवून त्याने बाटली उचलली, आणि घोट घेण्याआधीच त्याला काही सुचले. गोळी गालात सारून त्याने विचारले, "वो लड़की? फिर कहाँ गई?"

गालातल्या गोळीमुळे हे मात्र सेतुरावांना कळले नव्हते. मी मराठीत विचारले. माझ्या शब्दांत ते अधिक उघडे वाटले.

सेतुरावांनी गोळ्यांचे पाकीट खाली ठेवले. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हें हिंदींत सांगूं नका," ते म्हणाले. "मांबलमलाच असते. सकाळीं नातवाला शाळेच्या बसपाशीं सोडायला येते. मीही त्याच वेळीं दूध आणायला निघतों. इतकीं वर्षें तीच वेळ ठेवली आहे. बोलत नाहीं. पायांकडे पाहतों. पाय चांगले आहेत हो तिचे. अगदीं चांगले."

लखन वाट बघत होता. गोळीने त्याचा एक गाल फुगला होता.

"क्या बोले?"

"कहते हैं," मी म्हणालो, "पानी और पियो."

तो बाटली संपेपर्यंत पाणी प्यायला.